मोमियाईची भीती

पणजीला आपलं जन्मगाव कधीच सांगता आलं नाही. गावाच्या कडेला चिंच होती, नदी मोठी होती आणि नदीला सगळे ‘मैया’ म्हणायचे, एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. मैया म्हणजे नर्मदाच असणार, असं आम्ही घरात ठरवून टाकलं आहे. साल मात्र पक्कं आहे. 1896 चा पाऊस गेला, मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि 1897 च्या आरंभी आठेक वर्षांची एक पोर अनाथ मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या माणसांबरोबर आगगाडीत बसली. तिथून पुढे आमच्या घराण्याचा इतिहास सुरू होतो. त्याआधीचं पान कोरं आहे.

मी पणजीला पाहिलेलं नाही. तिच्या गोष्टी मला मिळाल्या त्या आजीकडून, दौंडच्या रेल्वे कॉलनीत. आजोबा रेल्वेत होते. रात्री यार्डात शंटिंग चाललेलं असायचं, डबे एकमेकांवर आदळायचे आणि आजी सूप घेऊन तांदळातले खडे वेचत बोलत बसायची. तिचं सांगणं सरळ रेषेत कधी जायचं नाही. मधेच कुणाच्या लग्नाचा मानपान निघायचा, मधेच पाळकसाहेबांची नक्कल व्हायची. पण आगगाडीच्या गोष्टीवर आली की ती सूप खाली ठेवायची.

“तुझ्या पणजीला वाटलं, आता आपलं तेल काढणार.”

मोमियाई हा शब्द आताच्या मुलांना ठाऊक नसेल. उत्तरेत तेव्हा घरोघरी ती भीती होती. माणसाला खाऊपिऊ घालून लठ्ठ करायचं, मग विस्तवावर उलटं टांगायचं आणि डोक्यातून ठिबकणारं तेल औषधाला विकायचं. अनोळखी माणूस पोरांना फुकट जेवायला घालू लागला की लोकांच्या मनात पहिली शंका हीच यायची. रमाबाईंच्या बाबतीतही ती आली. पांढरं लुगडं नेसलेली, केस कापलेली, घाऱ्या डोळ्यांची बाई अनाथ मुलींना गोळा करते, पोटभर खायला देते आणि गाडीत घालून दूरदेशी नेते. आणखी पुरावा काय हवा? पणजी म्हणे वाटेत जेवायलाच तयार नव्हती. उपाशी राहिलं तर अंगात तेल राहणार नाही, असा तिचा हिशोब होता. आठ वर्षांच्या भुकेल्या पोरीनं हातातली भाकरी जिवाच्या भीतीनं परत करावी, याहून मोठी भीती मला कल्पिता येत नाही.

गाडी पुण्याला आली तर पुण्यात प्लेग. विधवांना शिकवण्यासाठी रमाबाईंनी काढलेलं शारदा सदन शहरात होतं. पण साथीच्या दिवसांत बाहेरून आणलेल्या मुलींची तिथे भर घालायला सरकारी मनाई झाली. मुली तर येऊन ठेपल्या होत्या. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावला हलवलं. सोलापूरच्या वाटेवर, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, काही वर्षांपूर्वी घेतलेली त्यांची जमीन होती. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं मदत कबूल केली होती ती दहाच वर्षांपुरती. पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, या विचारानं ती जमीन घेतलेली. राहायला इमारत अशी नव्हतीच. तंबू, गवताच्या झोपड्या आणि भोवती उघडा माळ. तिथल्या मुक्ती सदनाची पायाभरणी झाली ती पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1898 मध्ये.

एकेका अडचणीनं वाट बंद केली म्हणून केडगाव उभं राहिलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की हे फार सहज बोलून जातं, की देवानंच ते दार लावून घेतलं आणि हे उघडलं. मला त्या सहजपणाची थोडी अढी आहे. त्या माळावर थंडीत झोपलेल्या पोरींना दार कुठलं ते दिसलं नसणार. त्यांना वारा लागला असणार. आजीचं सांगणं म्हणूनच मला जास्त पटतं. ती म्हणायची, “पणजीला तिथे गेल्यावर काही देव दिसला नाही. पेज दिसली. पातळ, वाडग्याच्या बुडाला जेमतेम असलेली.” खूप दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर घातलं तर ते दगावतं, म्हणून थोडी थोडी पेज. पणजीनं त्यातून उलटाच अर्थ काढला. लठ्ठ करायचं असतं तर इतकं कमी कशाला दिलं असतं? तिच्या मनातली मोमियाई त्या अर्ध्या वाडग्यानं पहिल्यांदा हलली.

उवांपायी पणजीचं डोकं आधीच भादरलेलं होतं. काही महिन्यांनी केस बोटभर वाढले तेव्हा एका सकाळी मुलींना ओळीनं बसवून डोक्याला तेल लावण्यात आलं. पणजीची पाळी आली. आजी इथे हमखास हसायची, इतकी की तिला पुढचं वाक्य पुरं करता यायचं नाही. डोक्यातून तेल काढतील म्हणून जी पोर तीन प्रांत रडत आली, तिच्याच डोक्यात कुणीतरी तेल जिरवत होतं. तेल लावणारा हात रमाबाईंचा होता, असं आजी छातीठोकपणे सांगायची. माझा त्यावर पुरता विश्वास नाही. तिथे शेकड्यांनी मुली होत्या आणि प्रत्येक घराण्याच्या गोष्टीत तो हात रमाबाईंचाच असतो. पण तो इतर कुणाचा असला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

रमाबाई स्वतः मध्य प्रांतात का गेल्या, हे आजीला माहीत नव्हतं. ते मला पुढे त्यांच्याच इंग्रजी आठवणी वाचताना कळलं. कोवळ्या वयातच त्यांनी दुष्काळ भोगला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गंगामूळच्या रानात जाऊन राहिलेले. पुढे सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागलं. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळानं गाठलं तेव्हा जवळचा पैसा, भांडी, सगळं संपलं. मजुरी करायची लाज, भीक मागायची त्याहून लाज. शेवटी शास्त्रीबुवांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं. एकेकाला जवळ घेऊन निरोप घेतला. धाकटी रमा शेवटी. मग थोरल्या भावानं, श्रीनिवासनं, मोडता घातला. तो म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो आणि मिळेल ते काम करतो. त्या एका वाक्यानं तळं टळलं. मरण टळलं नाही. थोड्याच काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं पायी हजारो मैल हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर घालायला नव्हतं म्हणून वाळूत खड्डे करून, वर वाळू ओढून झोपली. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. दोन वर्षांत भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षांत पटकीनं तेही गेले. चोविसाव्या वर्षी पदरात एक लहान मुलगी, मनोरमा, आणि पाठीशी कुणी नाही.

हे वाचल्यावर 1897 ची ती आगगाडी मला वेगळी दिसू लागली. दुष्काळाच्या मुलखात जाणं हे रमाबाईंसाठी अनोळखी ठिकाणी जाणं नव्हतं. ज्या तळ्याकाठी त्यांच्या वडिलांनी निरोप घेतला होता, तिथेच परत जाणं होतं. हाती पैसा मोजका होता, पुण्यात साथ होती. त्या गेल्या. सरकारी गरीबखान्यांतून आणि छावण्यांतून एकट्यादुकट्या मुलींचे काय हाल होतात ते त्यांनी पाहिलं आणि लिहिलंही. सुमारे तीनशे मुली त्यांनी आपल्याकडे ठेवल्या, बाकीच्या इतर मिशनांकडे दिल्या. त्याच साली पुण्याच्या प्लेग छावणीतल्या व्यवस्थेविरुद्धही त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. गोऱ्या सरकारशी आणि आपल्या धर्मबांधवांशी त्यांचं सख्यच असेल असा कुणाचा समज असेल, तर त्यानं ती पत्रं वाचावीत.

तोवर त्यांच्या वाट्याला आणखी एक पडझड येऊन गेली होती आणि ती आपल्याच लोकांकडून. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवांना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही, अशी बोली होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झालेला. ते सगळ्यांना माहीत होतं. मुलींना त्या प्रार्थनेला बोलवत नव्हत्या. पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचं दार लावतही नव्हत्या. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. गंमत अशी की त्याच साली त्याच सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. म्हणजे सदनाचं काम पुण्याच्या डोळ्यांसमोर फळत होतं, तेव्हाच ते मोडायला आलं होतं. दार लावून घ्यायला हवं होतं का? मला वाटतं, सल्लागारांची तक्रार पोकळ नव्हती. दिलेल्या बोलीचा अर्थ दोन्हीकडून वेगळा लागत होता. पण लहानपणापासून प्रत्येक दाराबाहेर उभं राहावं लागलेल्या बाईकडून आपलंच दार लावून घ्यायची अपेक्षा करणंही सोपं नव्हतं. रमाबाई काही दिवस खचल्या असतील. सदन मात्र बंद पडलं नाही.

आता बाटवाबाटवीचा मुद्दा. तो टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. दौंडला पाण्याच्या नळावर कुणीतरी आजीला टोमणा मारला होता: “तुमची आई भाकरीसाठी बाटली.” आजीनं घागर भरली, चुंबळ नीट केली आणि म्हणाली, “हो, भाकरीसाठीच. मग?” नळावर कुणाला पुढे काही सुचलं नाही म्हणे.

घरी आल्यावर मात्र ती बायबल काढून बसली आणि मला एलीयाची गोष्ट वाचायला लावली. राजांच्या पहिल्या पुस्तकातला तो एकोणिसावा अध्याय आमच्या घरात इतका वाचला गेला आहे की पान तिथेच उघडतं. एलीया म्हणजे राजाला तोंडावर सुनावणारा, कार्मेल डोंगरावर सगळ्यांना भारी पडलेला संदेष्टा. पण राणीनं जिवाची धमकी दिली आणि तो पळाला. रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. आणि झोपला. देवदूत आला तो त्याला रागावला नाही, विश्वास ठेव असंही म्हणाला नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याची सुरई होती. ऊठ, खा, एवढंच त्यानं सांगितलं. एलीयानं खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून खायला घातलं, कारण चाल लांबची होती. आजीचा सगळा धर्मविचार या अध्यायात मावायचा. “देवाला आधी भाकर सुचली, मग प्रवचन,” असं ती म्हणायची.

माझं मत मी सांगते. आठ वर्षांच्या अनाथ पोरीचा बाप्तिस्मा ही निवड नसते. ज्या घरानं वाढवलं त्या घराचा धर्म तिला मिळतो, हे हिंदू घरात खरं, मुसलमान घरात खरं आणि केडगावातही खरं. पणजीची निवड पुढे झाली. ती शिकली, छापखान्यात खिळे जुळवायला शिकली, हाताला काम आलं आणि बाहेर जायची वाट मोकळी झाली, तेव्हा ती राहिली. त्या निर्णयाला कुणी भाकरीचा म्हणू नये. भाकरी तेव्हा तिला कुठेही मिळाली असती.

1900 चा दुष्काळ आला तो गुजरात, राजपुताना असा पसरलेला. केडगावला पुन्हा मुली येऊ लागल्या, आधीपेक्षा कितीतरी जास्त. माणसांचा आकडा दीड हजारांच्या वर गेला. त्या वर्षी पावसानं केडगावकडेही पाठ फिरवली होती. विहिरी दिवसभरात उपसून तळाला जायच्या, रात्री झिरपून थोडं पाणी यायचं आणि पहाटे पुन्हा उपसा. आजी याला चमत्कार म्हणायची. भूजलाचं शास्त्र शिकलेला माझा मामेभाऊ याला झरा म्हणतो. त्या दोघांचं या विषयावर भांडण झाल्याचं मला आठवत नाही, कारण पाणी पुरलं याबद्दल दुमत नव्हतं.

केडगावात थोरल्या मुलींकडे नव्या, धाकट्या मुली सांभाळायला दिल्या जायच्या. पणजी आता अकरा-बारा वर्षांची, म्हणजे ‘थोरली’. तिच्या वाट्याला एक गुजराती पोर आली. ती जेवेना. भाषा कळेना. इतर मुलींनी समजावलं, गाणी म्हटली, काही उपयोग नाही. पणजीला मात्र त्या नजरेतलं काय ते लगेच ओळखू आलं. तिनं त्या पोरीचा हात धरला आणि आपल्या तेल लावलेल्या, चप्प बसवलेल्या केसांवर ठेवला. बघ, तेल इथेच आहे, कुणी काढलं नाही. तीन वर्षं झाली.

ही गोष्ट आजी कधीच मीठमसाला लावून सांगायची नाही आणि म्हणून मला ती खरी वाटते. मी धीर देणारी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. काही उत्तम होती. पण ज्या भीतीत आपण होतो तीच भीती दुसऱ्याच्या तोंडावर ओळखणं, हे कुठल्याही प्रवचनाला सहज जमत नाही. रमाबाईंनी वाळूच्या खड्ड्यात झोपलेली थंडी ओळखली म्हणून त्या गेल्या. पणजीनं मोमियाई ओळखली म्हणून ती पोर जेवली. पौलाच्या पत्रांत हाच विचार आहे, की संकटात आपल्याला जे सांत्वन मिळालं त्याच सांत्वनानं दुसऱ्याचं करावं. पणजीनं तो अध्याय तेव्हा वाचलेलाही नव्हता.

माझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी नववीत होते. वडील आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. आजीनं त्यांना उपदेश केला नाही. वेळेवर ताट नेऊन ठेवायची आणि म्हणायची, “खा आणि झोप. एलीया दोनदा झोपला होता.” दुसऱ्या आठवड्यात तिनं त्यांना गिरणीत दळण आणायला पाठवलं, मग रॉकेलच्या रांगेत, मग कुणाच्या तरी सायकलच्या दुकानात. दुकानातलं ते काम पुढे पाच वर्षं चाललं. आमच्या घरावरून संकट गेलं ते असं, कामाच्या एकेका खेपेनं.

पुन्हा केडगावकडे वळते. 1905 मध्ये तिथे मोठं संजीवन झालं. वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या. जूनमध्ये मुक्तीतल्या मुली रात्ररात्र रडत, मोठ्यानं प्रार्थना करत बसू लागल्या. त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. पणजीला त्यातलं काय आठवायचं, विचाराल तर एवढंच, की दुसऱ्या दिवशी छापखान्यात सगळ्यांचे डोळे सुजलेले होते आणि खिळे चुकत होते.

छापखाना हा त्या गोष्टीतला माझा आवडता भाग. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं; दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला कळेल असं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं ही सारी कामं मुक्तीतल्या बायका करत. वर्षानुवर्षं ते चाललं. रमाबाईंना ऐकू फारच कमी येऊ लागलं होतं. मनोरमा त्यांचा उजवा हात. मुक्तीची धुरा तीच पुढे नेणार, असं सगळे धरून चालले होते. 24 जुलै 1921 ला मनोरमा मिरजेच्या इस्पितळात वारली. चाळीस वर्षांची होती.

आजी म्हणायची, रमाबाईंनी त्यानंतर मुद्रितं तपासायची थांबवली नाहीत. शेवटी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, आपल्या हातचं काम संपवलं आणि दहाव्या दिवशी गेल्या. दहा दिवसांची ही गोष्ट चरित्रांतही आहे. ती तंतोतंत घडली की भक्तांनी जुळवून घेतली, यावर मी वाद घालणार नाही. मला त्या दहा दिवसांपेक्षा त्याआधीचे आठ-नऊ महिने मोठे वाटतात: एकुलती एक मुलगी गेल्यावर रोज सकाळी टेबलाशी बसून पानांतल्या चुका शोधणं. तिथे कुठला चमत्कार नव्हता, कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं नव्हतं.

रमाबाई 5 एप्रिल 1922 ला केडगावातच गेल्या. बायबल तोवर पुरतं बाहेर आलं नव्हतं. ते 1924 मध्ये प्रसिद्ध झालं आणि राहिलेलं काम मुक्तीतल्या बायकांनी बाईंविना पुरं केलं.